बुटांच्या कंपनीचे पैसे आणि कॉलेज बास्केटबॉलचं ‘हौशी’पण

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मुलगा टेक्ससमध्ये अकरावीत आहे, उंची सहा फूट पाच इंच. उन्हाळ्यात ज्या क्लबकडून खेळतो त्याला एका बुटांच्या कंपनीचं प्रायोजकत्व आहे. बूट, बॅग, स्पर्धांना जायची तिकिटं, सगळं तिकडून येतं. परवा प्रशिक्षकांनी एका ‘सल्लागारा’शी गाठ घालून दिली. तो म्हणाला, आत्तापासून माझ्याबरोबर राहा, पैशांचं मी बघतो. २०१७ मध्ये अशाच देवाणघेवाणीत माणसं तुरुंगात गेली असं वाचलं होतं. आता तर कंपन्या कॉलेजच्या मुलांना उजळ माथ्याने पैसे देतात. मग तेव्हा गुन्हा नेमका कोणता होता? आम्ही कशाला घाबरायचं? मुलगा एच-४ व्हिसावर आहे, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून.”

ज्याची तुम्हाला घाई आहे ते आधी सांगते. बूट-बॅगेची मला फारशी काळजी वाटत नाही. मात्र टेक्ससमध्ये शालेय स्पर्धा भरवणाऱ्या यूआयएलचा हौशीपणाचा नियम अजून कडक आहे, तेव्हा शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरला एक ईमेल टाका आणि उत्तर जपून ठेवा. सल्लागारापासून चार हात लांब राहा. आणि एच-४ चा मुद्दा या सगळ्यात सर्वांत जड आहे. तुमच्या प्रशिक्षकांना त्यातलं ओ की ठो कळत नसणार, त्यात त्यांचा दोष नाही.

आता ‘का’ ते. मी अठरा वर्षं अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागात कम्प्लायन्सचं काम केलं. म्हणजे खेळाडूने, त्याच्या आईबापांनी, प्रशिक्षकाने कोणाकडून काय घेतलं याचे फॉर्म भरून घ्यायचे, सह्या तपासायच्या, आणि शंका आली की एनसीएएला कळवायचं. एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना. हे काम करताना काय काय पाहावं लागतं ते सांगितलं तर खोटं वाटेल. एके काळी विद्यापीठाने खेळाडूला सराव झाल्यावर बेगल दिला तर चालत असे, पण त्यावर चीज लावलं की ते ‘जेवण’ व्हायचं आणि नियमभंग ठरायचा. २०१४ मध्ये कनेटिकटच्या शबाझ नेपियरने, संघ अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असताना, कधी कधी आपण उपाशी झोपतो असं पत्रकारांना सांगितलं. त्यानंतर काही दिवसांतच जेवणावरची बंधनं उठली. माझी स्वतःची एक आठवण आहे. एका मुलाला आजीच्या अंत्यविधीला जायचं होतं, तिकिटाला पैसे नव्हते. ती मदत नियमात बसते की नाही यासाठी मी दोन दिवस कागद रंगवत बसले होते. त्याच आठवड्यात बुटांच्या कंपनीशी झालेल्या नव्या कराराचे खोके आमच्या गोदामात उतरत होते. त्यातून प्रशिक्षकांना मिळणारी रक्कम आकड्यात लिहिलेली होती आणि त्यावर कोणीही मला फॉर्म भरायला सांगितलं नव्हतं.

२६ सप्टेंबर २०१७ ला न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी दहा जणांवर आरोप ठेवल्याचं जाहीर केलं. पत्रकार परिषद एक, मथळा एक, त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यात ते एकच प्रकरण राहिलं. प्रत्यक्षात ती दोन निराळी प्रकरणं होती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोहोंच्या फरकात आहे, म्हणून ती सुटी करून सांगते.

पहिलं प्रकरण आदिदासचं. जेम्स गॅटो हा कंपनीच्या बास्केटबॉल मार्केटिंगचा वरिष्ठ अधिकारी, मर्ल कोड हा कंपनीशी जोडलेला सल्लागार, आणि ख्रिश्चन डॉकिन्स हा एजंट होऊ पाहणारा पंचविशीच्या आसपासचा धडपड्या. आरोप असा की आदिदासचे कपडे घालणाऱ्या विद्यापीठांकडे चांगले खेळाडू जावेत म्हणून त्यांनी मुलांच्या घरच्यांना गुपचूप पैसे पोचवले. त्यातला गाजलेला मुलगा ब्रायन बोवेन. तो लुईव्हिल विद्यापीठात गेला, आणि त्याच्या वडिलांना हप्त्याहप्त्याने एक लाख डॉलर द्यायचं ठरलं होतं. पैसे सरळ कसे देणार? मग शालेय वयाच्या मुलांचे क्लब संघ चालवणाऱ्यांच्या नावाने स्पर्धेचा खर्च, संघाचा खर्च अशी बिलं करायची, कंपनीने ती मंजूर करायची, आणि रोकड पुढे सरकवायची. टी. जे. गॅसनोला हा अशा संघांपैकी एकाचा चालक सरकारी साक्षीदार झाला. कॅन्ससला गेलेल्या बिली प्रेस्टनच्या आईकडे ९० हजार डॉलर पोचवल्याचं, नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या डेनिस स्मिथच्या घरच्यांसाठी ४० हजार दिल्याचं त्याने शपथेवर सांगितलं.

आता यात कायदा कुठला मोडला? बुटांच्या कंपनीने खेळाडूला पैसे देणं हा अमेरिकेच्या कायद्याने गुन्हा नव्हता. ती एनसीएएची मनाई होती, आणि एनसीएए म्हणजे सरकार नव्हे. एखाद्या सोसायटीने गच्चीवर पापड वाळवायला बंदी करावी, तसली ही बंदी. पापड वाळवले म्हणून पोलीस पकडू शकत नाहीत. त्यामुळे सरकारी वकिलांनी वाट काढली ती अशी: पैसे घेतलेला मुलगा नियमानुसार खेळायला अपात्र. तरी ‘मी हौशी आहे’ असं सांगून त्याने विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेतली. विद्यापीठाला खरं माहीत असतं तर त्याने ती दिली नसती. म्हणजे विद्यापीठाची फसवणूक झाली, आणि ती फोन-ईमेलवरून झाली म्हणून ‘वायर फ्रॉड’. ज्या फॉर्मवरच्या सह्या मी वर्षानुवर्षं गोळा केल्या तोच फॉर्म असा फौजदारी खटल्याचा पाया झाला. बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करते.

बचाव पक्षाने पैसे दिल्याचं नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही विद्यापीठांचं नुकसान नाही, भलं करत होतो. प्रशिक्षकांना हवे तेच खेळाडू आणून देत होतो. ज्युरीला ते पटलं नाही. २४ ऑक्टोबर २०१८ ला तिघेही दोषी ठरले. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी गॅटोला नऊ महिने, कोड आणि डॉकिन्सला सहा-सहा महिने कैद सुनावली. जानेवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा कायम केली. एका न्यायमूर्तींनी मात्र काही पुरावा ज्युरीपुढे येऊ द्यायला हवा होता, असं अंशतः वेगळं मत नोंदवलं.

‘पीडित’ विद्यापीठांची परिस्थिती पाहा. लुईव्हिलने अटकसत्राच्या आदल्याच महिन्यात आदिदासशी दहा वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा करार जाहीर केला होता. कॅन्ससचा आदिदासशी करार १४ वर्षांचा, १९ कोटी ६० लाखांचा. खटला होऊन गेला, कंपनीच्या अधिकाऱ्याला शिक्षा लागली, तरी कॅन्ससने त्या कंपनीला सोडलं नाही. उलट करार पक्का केला. फसवल्या गेलेल्या माणसाने फसवणाऱ्याशी पुन्हा इतक्या प्रेमाने सोयरीक केल्याचं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. याच कॅन्ससच्या सिल्व्हिओ डिसूझा या अंगोलाहून आलेल्या मुलाचं उदाहरण घ्या. त्याच्या पालकत्वाची जबाबदारी घेतलेल्या माणसाने २,५०० डॉलर घेतले होते. मुलाला २०१८-१९चा संपूर्ण मोसम बाहेर बसावं लागलं.

बोवेनचं काय झालं? त्याच्यावर कसलाच आरोप नव्हता, व्यवहार आपल्याला माहीत नव्हता असं तो सांगत राहिला, पण कॉलेजकडून एकही सामना त्याला खेळता आला नाही. तो ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला, नंतर एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या इंडियाना पेसर्सकडे थोडा काळ होता. त्याने आदिदासवर दावा लावला की तुमच्या उद्योगामुळे माझी खेळण्याची पात्रता गेली. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला: पात्रता गमावणं म्हणजे त्याने ज्या कायद्याखाली दावा लावला त्याच्या अर्थाने ‘धंद्याचं किंवा मालमत्तेचं’ नुकसान नव्हे. दोन खटल्यांतले कायदे वेगळे, न्यायालयं वेगळी, त्यामुळे विसंगती आहे असा कायदेशीर दावा मला करता येणार नाही. पण एक शिष्यवृत्ती हातची गेली तर विद्यापीठाची मालमत्ता जाते आणि अख्खी कॉलेज कारकीर्द गेली तरी मुलाचं काहीच जात नाही, हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणजे काय ते कळतं.

दुसरं प्रकरण चार सहायक प्रशिक्षकांचं, आणि इथे माझी सहानुभूती संपते. ऑबर्नचा चक पर्सन, ओक्लाहोमा स्टेटचा लॅमॉन्ट इव्हान्स, ॲरिझोनाचा बुक रिचर्डसन, सदर्न कॅलिफोर्नियाचा टोनी ब्लँड. यांचा गुन्हा खेळाडूंना पैसे दिल्याचा नव्हता. यांनी खेळाडूंच्या नावावर स्वतः पैसे घेतले. मुलगा एनबीएत गेला की त्याचे पैसे सांभाळायला अमुक आर्थिक सल्लागार, अमुक एजंट नेम, असं त्याच्या आईबापांच्या कानावर घालायचं आणि त्या सल्लागाराकडून पाकीट घ्यायचं. पर्सनने ९१,५०० डॉलर घेतले, इव्हान्सने २२ हजार, रिचर्डसनने २० हजार, ब्लँडने ४,१००. चौघांनीही गुन्हा कबूल केला. इव्हान्स आणि रिचर्डसन तीन-तीन महिने आत गेले, बाकी दोघे तुरुंगाविना सुटले.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजवायला दोन शब्द पुरतात: कट प्रॅक्टिस. डॉक्टर लॅबचं नाव सांगतो, आपण विश्वासाने जातो, आणि मागच्या दाराने डॉक्टरला हिस्सा पोचतो. चाचणी कदाचित बरोबरही असेल, पण सल्ला कोणाच्या फायद्याचा होता हे रुग्णाला कधीच कळत नाही. हे सगळं उघडकीला आणणारा मार्टी ब्लेझर हा पिट्सबर्गचा आर्थिक सल्लागार. त्याने खेळाडू ग्राहकांचे पैसे त्यांना न विचारता सिनेमांत घातले होते. पकडला गेल्यावर शिक्षा सौम्य व्हावी म्हणून तो एफबीआयचा खबऱ्या झाला आणि छुप्या मायक्रोफोनसह याच प्रशिक्षकांना भेटत राहिला. म्हणजे प्रशिक्षक ज्या सल्लागाराची शिफारस करत होते तो ग्राहकांचे पैसे खाल्लेला माणूस होता. आईबापांना ‘हा आपला माणूस आहे’ असंच सांगितलं जात होतं.

आता तुमच्या प्रश्नातला शब्द पाहा: प्रशिक्षकांनी सल्लागाराशी गाठ घालून दिली. पहिलं प्रकरण जवळजवळ कालबाह्य झालं आहे. दुसरं झालेलं नाही.

पहिलं कालबाह्य कसं झालं ते सांगण्याआधी हे हौशीपण आलं कुठून ते पाहू, कारण त्यातला दुटप्पीपणा ध्यानात आल्याशिवाय बाकीचं पटणार नाही. ‘हौशी’ हा आपल्याकडे तसा गोड शब्द आहे. हौशी नाटकमंडळी, हौशी चित्रकार. कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावातच ‘ॲमॅच्युअर’ आहे, पण तिचे खेळाडू रेल्वेत, बँकेत, मोठ्या कंपन्यांत खेळावर मिळालेली नोकरी करत आणि पगार घेत. कोणाला त्यात पाप वाटलं नाही, कारण पोट सांभाळल्याशिवाय हौस होत नाही हे सगळ्यांना कळत होतं. अमेरिकन कॉलेजांनी मात्र विलायती सोवळं उचललं, ज्यात खेळून पैसे कमावणारा खालच्या पायरीचा. क्रिकेटमध्ये ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेयर्स’ असा भेद १९६२ पर्यंत होता, त्याच मातीतलं हे पीक. आणि अमेरिकेत त्याला पैशाचंही कारण होतं. कोलोरॅडोत एका छोट्या कॉलेजचा फुटबॉल खेळाडू १९५५ मध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली आणि १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. त्या काळात एनसीएएने ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा जोडशब्द कटाक्षाने वापरायला सुरुवात केली. खेळाडू हा नोकर नव्हे, तो आधी विद्यार्थी, हे प्रत्येक कागदावर उमटलं पाहिजे. मीही हजारो वेळा लिहिला असेन तो.

खेळाडू हौशी राहिला, पण त्याच्या भोवतीचं काहीच हौशी राहिलं नाही. सनी व्हॅकॅरो नावाच्या पिट्सबर्गच्या गृहस्थाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस नायकेला एक कल्पना दिली: खेळाडूला पैसे देता येत नाहीत ना, मग प्रशिक्षकाला द्या. तो अख्ख्या संघाला तुमचे बूट घालील. साधी गोष्ट, आणि पूर्ण नियमात बसणारी. पुढे प्रशिक्षकाऐवजी थेट विद्यापीठाशीच करार होऊ लागले आणि आकडे फुगत गेले. २०१६ मध्ये यूसीएलएने अंडर आर्मरशी १५ वर्षांचा २८ कोटी डॉलरचा करार केला. चार वर्षांनी कंपनीनेच त्यातून अंग काढून घेतलं. दरम्यान एनसीएएच्या मार्चमधल्या स्पर्धेचे टीव्ही हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला गेले होते. या सगळ्याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. व्हॅकॅरो तेवढे स्पष्टवक्ते होते. कॉलेज खेळांचा विचार करणाऱ्या एका आयोगापुढे त्यांना विचारण्यात आलं की विद्यापीठाने तुमच्या धंद्याच्या जाहिरातीचं साधन का व्हावं? होऊच नये, ते म्हणाले. पण तुम्ही आत्मा विकला आहे आणि पुढेही विकत राहणार आहात. नंतर हेच गृहस्थ खेळाडूंच्या बाजूने एनसीएएविरुद्धच्या खटल्यात उभे राहिले.

तुमचा मुलगा ज्या उन्हाळी क्लबातून खेळतो तो याच व्यवस्थेचा खालचा मजला. नायके, आदिदास, अंडर आर्मर, तिघांच्या आपापल्या साखळी स्पर्धा आहेत. कंपनी सतरा वर्षांच्या शंभर मुलांना बूट देते, कारण त्यातला एखादाच पुढे ज्याचं नाव बुटावर छापता येईल असा निघतो. बाकी नव्व्याण्णव जण जाहिरातीचा खर्च. हे मी कडवटपणे म्हणत नाही. तुमच्या मुलाला प्रवास मिळतो, चांगली स्पर्धा मिळते, कॉलेजचे प्रशिक्षक बघायला येतात. फक्त तो खर्चाच्या कुठल्या रकान्यात आहे ते आपल्याला माहीत असावं. लेब्रॉन जेम्सला २००३ मध्ये बारावीत असताना दुकानातून ८४५ डॉलरच्या दोन जर्सी फुकट घेतल्या म्हणून ओहायोच्या शालेय संघटनेने अपात्र ठरवलं होतं, आणि पुढे न्यायालयात जाऊन ती शिक्षा दोन सामन्यांवर आली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने नायकेशी केलेला करार सुमारे नऊ कोटी डॉलरचा होता. जर्सी आणि करार यांच्यात चारेक महिन्यांचं अंतर.

मग बांध फुटला. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूला स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेऊ न देणं बेकायदा. बाकीची राज्यं मागोमाग आली, नाहीतर चांगले खेळाडू कॅलिफोर्नियाला जाणार. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. प्रश्न तसा छोटा होता, शिक्षणाशी निगडित फायद्यांपुरता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून एनसीएए कायद्याच्या वर नाही असं बजावलं. १ जुलै २०२१ पासून एनआयएल सुरू झालं: नाव, छबी, प्रतिमा यांचे पैसे. मार्च २०२२ मध्ये आदिदासने जाहीर केलं की आपल्याशी करार असलेल्या १०९ विद्यापीठांतल्या पन्नास हजारांहून अधिक खेळाडूंना कंपनीचे प्रतिनिधी होऊन कमावता येईल. गॅटोला शिक्षा सुनावून जेमतेम तीन वर्षं झाली होती. कंपनी तीच, आणि पैसे घेणाराही तोच, कॉलेजचा खेळाडू. फरक एवढाच की आता बिलावर खरं लिहिता येतं.

त्याहून गंमत कूपर फ्लॅगची. तो ज्या संघाकडून खेळायला गेला ते ड्यूक विद्यापीठ नायकेचं. फ्लॅगने २०२४ मध्ये करार केला न्यू बॅलन्सशी. तो मेन राज्यातल्या न्यूपोर्टचा, आणि त्या कंपनीचा कारखाना जवळच स्काउहीगनमध्ये, त्यामुळे जाहिरातीला गोष्ट आयतीच मिळाली. जुनी सगळी यंत्रणा या गृहीतकावर उभी होती की बुटांची कंपनी मुलाला आपल्या विद्यापीठाकडे वळवते. फ्लॅगने ते कोडंच रद्द केलं: अंगावर विद्यापीठाची कंपनी, जाहिरातीत स्वतःची. मग जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला खेळाडूंमध्ये २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटायची मुभा. बाहेरच्या कंपनीचा ६०० डॉलरच्या वरचा करार आता नोंदवावा लागतो, आणि त्यात खरोखरची जाहिरात आहे की जाहिरातीच्या नावाखाली खेळाडू विकत घेतला आहे हे तपासलं जातं. म्हणजे माझ्या जुन्या खुर्चीवर बसलेल्यांना नवे फॉर्म मिळाले आहेत.

हे सगळं बरं झालं असं मला वाटतं, पण निष्पाप झालं असं वाटत नाही. पैसे उघड्यावर आल्यामुळे सल्लागारांची संख्या कमी न होता वाढली आहे. पूर्वी त्यांना मुलगा एनबीएत पोचेपर्यंत थांबावं लागायचं. आता सोळाव्या वर्षापासून टक्केवारी मिळू शकते.

मी पाहिलेल्या वाईट करारांत एक गोष्ट बहुधा असतेच: मुदत. ‘पहिल्या व्यावसायिक करारापर्यंत’ किंवा त्याहून पुढे, भावी कमाईचा ठरावीक हिस्सा, आणि मोडायचं असेल तर दंड. पुढे केलेले पैसे भेट म्हणून येतात आणि कागदावर कर्ज म्हणून निघतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलाच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अशाच एकाकडून मदत घेतली होती. मुलगा पुढे मोठा खेळाडू झाला नाही, पण तगादा मात्र व्यावसायिक खेळाडूला लावावा तसा लागला. टेक्ससमध्ये खेळाडूच्या एजंटाला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या गृहस्थाचं नाव तिथे आहे का ते पाहा. नसेल तर ‘मी एजंट नाही, सल्लागार आहे’ असं उत्तर मिळेल. हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते ऐकलं की मी उठून उभी राहते. प्रशिक्षकांनाही विचारा, नम्रपणे, पण नवरा-बायको दोघांनी समोर बसून: या माणसाकडून तुम्हाला किंवा क्लबला काही मिळतं का? प्रायोजक, देणगी, भाचीची नोकरी, काहीही. बरेच प्रशिक्षक सरळ माणसं असतात आणि सरळ उत्तर देतात. चिडले, तर तेही उत्तरच आहे.

आता एच-४. उघडपणे पैसे घेण्याबद्दल आतापर्यंत लिहिलेलं सगळं अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या मुलाला लागू आहे. तुमच्या मुलाला नाही. एच-४ वरच्या मुलांना काम करण्याची परवानगी नसते. वर्क परमिटची सोय आहे ती काही ठरावीक पती-पत्नींसाठी. जाहिरात करणं, सही करून पैसे घेणं, शिबिरात उभं राहून मानधन घेणं हे काम धरलं जाऊ शकतं, आणि विनापरवाना कामाचा डाग पुढे व्हिसा बदलताना किंवा ग्रीन कार्डच्या वेळी वर येतो. एनसीएएची परवानगी आणि इमिग्रेशनची परवानगी ही दोन वेगळी खाती आहेत. एकाने हो म्हटलं म्हणून दुसरं बांधील नाही. पुढे तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेला तरी अडचण सुटत नाही. काँगोहून आलेला केंटकीचा ऑस्कर शीब्वे हा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला होता, तरी अमेरिकेत बसून त्याला जाहिरातीचं काम करता येईना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाजला गेला तेव्हा त्याने तिथे, अमेरिकेबाहेर, ते उरकून घेतलं. पर्ड्यूचा झॅक इडी कॅनडाचा. त्यालाही सहखेळाडूंसारखी मोकळीक नव्हती. जर्सीच्या विक्रीतून बसल्या जागी येणारा हिस्सा ‘काम’ ठरतो का, विद्यापीठाकडून थेट मिळणारा वाटा ठरतो का, यावर वकिलांत एकमत नाही. ज्या प्रश्नावर वकिलांत एकमत नाही तिथे सतरा वर्षांच्या मुलाला पुढे करू नये. शिष्यवृत्तीला मात्र काही बाधा नाही. ती एच-४ वर आणि एफ-१ वरही घेता येते, आणि चार वर्षांच्या फीचा आकडा पाहता तुमच्या मुलासाठी सध्या तेच खरं बक्षीस आहे.

तेव्हा सल्लागाराने काही सहीला दिलं असेल तर परत पाठवा. काही रोख किंवा वस्तू घेतली असेल तर काय, कधी, कोणाकडून याची वही आजच करा. आठवणीवर भिस्त ठेवू नका. आणि खेळाच्या वकिलाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. जाताना दोन तारखा कागदावर लिहून न्या: मुलाचा एकविसावा वाढदिवस, म्हणजे ज्या दिवशी तो तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकतो, आणि तुमच्या ग्रीन कार्डची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख.